हिशेबात न धरलेली बिस्किटं

ताई,
वय 41, उंची 5 फूट 9 इंच, काम बैठं. चार महिन्यांपूर्वी वजन 93 किलो होतं, आता 88 आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये रोजच्या कॅलरी मोजतो. अ‍ॅपने 1900 सांगितल्या होत्या, लवकर निकाल दिसावा म्हणून मीच त्या 1400 केल्या. गोड पूर्ण बंद. दिवसभर सगळं शिस्तीत चालतं, काकडीसुद्धा वजनकाट्यावर ठेवून मगच खातो. पण रात्री अकराच्या सुमाराला घरचे झोपले की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. दिवा लावत नाही. फ्रीजच्या उजेडात उभ्याउभ्या खातो. आधी क्रीमचं एक बिस्किट, मग अर्धा पुडा, मग थेट डब्यातून आइस्क्रीम. मुलांना कळू नये म्हणून रिकामा पुडा कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी खुपसतो. एकदा नंतर बेरीज केली तर ती 1100 च्या घरात गेली. आठवड्यातून तीनदा तरी असं होतं. हे अ‍ॅपमध्ये टाकत नाही, लाज वाटते. दुसऱ्या दिवशी नाश्ता बुडवतो, म्हणजे फिट्टंफाट. वजन मुंगीच्या पावलांनी उतरतंय. रक्त तपासलं, साखर नॉर्मल आहे. ही गोडाची तलफ मारायची कशी? की माझ्यात इच्छाशक्तीच नाही?
– अंधारातला उंदीर

उंदीरराव,

इच्छाशक्तीचं सोडा. काकडी काट्यावर ठेवून खाणाऱ्या माणसाकडे ती नको इतकी आहे. आधी जरा हिशेबच करू, कारण तुम्हाला तो आवडतो असं दिसतंय.

आठवड्यातले चार दिवस तुम्ही 1400 वर राहता, म्हणजे 5600. उरलेले तीन दिवस 1400 अधिक रात्रीचे 1100, म्हणजे रोज 2500, तिन्हींचे मिळून 7500. एकूण 13,100. त्याला सातने भागा. उत्तर येतं 1870 च्या आसपास. अ‍ॅपने किती सांगितलं होतं? 1900. म्हणजे चार महिने तुम्ही बरोबर तेवढंच खाताय जेवढं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. फक्त वाटणी अशी केलीय की चार दिवस हाल आणि तीन रात्री चोरी. आणि त्या 1870 मुळेच तर वजन उतरतंय! चार महिन्यांत पाच किलो याला मुंगीची पावलं म्हणत नाहीत हो. वजन असंच उतरावं, सावकाश.

(मधल्या ज्या दिवशी नाश्ता बुडवला त्या दिवशी आकडा आणखी थोडा खाली गेला असेल, पण त्याने गणित फारसं हलत नाही. उलट त्या नाश्त्यानेच सगळा घोळ घातलाय, त्याच्याकडे येतेच.)

आता हा 1400 चा आकडा कुठून काढलात ते सांगा. तुमचं वय, उंची आणि वजन नेहमीच्या सूत्रात घातलं, तर नुसतं अंथरुणात पडून राहिलात तरी शरीराला दिवसाला साधारण 1750 ते 1800 कॅलरी लागतात. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांचा हा रोजचा घरखर्च. तुम्ही त्या घरखर्चाच्याही खाली गेलात आणि वर आठ तासांची नोकरी केलीत. रात्री अकरा वाजता शरीर वसुलीला येणार नाही तर काय करणार? आणि वसुलीला आलेला माणूस काकडी घेऊन परत जात नाही. तो तिजोरीतला सोन्याचा तुकडा बघतो, म्हणजे साखर आणि चरबी एकत्र असलेली वस्तू. क्रीमचं बिस्किट आणि आइस्क्रीम दोन्ही नेमकी तीच. साखरेच्या एका ग्रॅममध्ये 4 कॅलरी, चरबीच्या एका ग्रॅममध्ये 9. घाईच्या वसुलीला याहून सोयीचं काही नाही.

एक जुना प्रयोग सांगते, कारण तो वाचल्यापासून मी कुणालाही ‘इच्छाशक्ती कमी पडते’ असं म्हणायचं सोडून दिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुण निवडले. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शोधायचं होतं. या तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोज सुमारे 1570 कॅलरी. आठवड्याला 22 मैल चालायलाही लावत, तेव्हा तुमची आणि त्यांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. पण आकडा बघा, तुमच्यापेक्षा वरच आहे. त्या तरुणांना काही आठवड्यांत अन्नाखेरीज दुसरं काही सुचेना. ज्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसले. ताटातला घास तासभर पुरवून खायचे. च्युइंगम इतकं चघळायचे की त्यावरही मर्यादा घालावी लागली. काहींनी चोरून खाल्लं. आणि हे सगळे तत्त्वासाठी युद्धाला नकार देऊन या कामाला स्वतःहून पुढे आलेले लोक होते. निग्रहाची कमतरता त्यांच्यात तरी नक्कीच नव्हती.

तेव्हा पहिलं काम, 1400 पुसा. 1800 ते 1900 लिहा. आत्ता तुमच्या पोटात गोळा आला असेल, माहीत आहे. आकडा वाढवला की वजन वाढेल अशी भीती वाटते. पण वरची बेरीज पुन्हा बघा, तुम्ही तेवढं खाताच आहात. आता दिवसाउजेडी खा, एवढंच.

आता त्या नाश्त्याकडे येते. काल रात्री 1100 जास्त झाले म्हणून आज सकाळी उपाशी, हे फिट्टंफाट नाही. ही सावकाराची उधारी आहे. सकाळचा नाश्ता बुडाला की दुपारी भूक मागे लागते, ती तुम्ही सॅलडवर भागवता, संध्याकाळी डोकं चढतं, आणि रात्री अकराला पुन्हा फ्रीजचा दिवा लागतो. तीन रात्रींपैकी निदान एक रात्र या बुडवलेल्या नाश्त्याने तुमच्या गळ्यात घातलेली असावी, असा माझा दाट संशय आहे. उद्यापासून नियम असा: रात्री काहीही झालं, अख्खा पुडा संपला तरी, सकाळचा नाश्ता ठरलेल्या वेळी आणि पूर्ण व्हायला हवा. त्यात अंडी, दही, कडधान्यं, दूध, असं प्रथिनांचं काहीतरी हवंच, कारण प्रथिनांनी पोट जास्त वेळ शांत राहतं. नुसत्या चहा-बिस्किटावर भागवलंत तर मला सांगूसुद्धा नका.

दुसरं, तुमचं ते ‘गोड पूर्ण बंद’. बंदीची एक गंमत असते. जोवर पाळली जाते तोवर ती तटबंदी वाटते, आणि एक वीट निखळली की सगळा कोट खाली येतो. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या दोघांनी मानसशास्त्रातला एक प्रयोग केला होता. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना नाही, आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं, चव सांगा म्हणून, हवं तेवढं खा म्हणून. जे एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हते त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं होतं. आणि जे एरवी मोजूनमापून खाणारे होते? त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. मिल्कशेकने दिवस बाटलाच आहे, मग आता कशाला हात आखडा? आपल्याकडे यासाठी म्हणच आहे, गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. तुमचं पहिलं बिस्किट साधारण 50-60 कॅलरींचं. ते अजिबात महाग नाही. महाग पडतो त्यानंतर मनात उमटणारा शब्द: ‘गेलं!’ पुढच्या हजार कॅलरी त्या एका शब्दाच्या आहेत.

म्हणून गोडाला हिशेबात खातं उघडून द्या. आणि तेही रात्री तलफ आल्यावर नाही, सकाळी. दात घासून झाले, अ‍ॅप उघडलं, की पहिली नोंद गोडाची करा: ‘रात्री जेवणानंतर आइस्क्रीम, 80 ग्रॅम’. साध्या व्हॅनिला आइस्क्रीमच्या 100 ग्रॅममध्ये 200 च्या जरा वर कॅलरी असतात, म्हणजे हे 165-170 झाले. किंवा क्रीमची तीन बिस्किटं. किंवा चॉकलेटच्या वडीच्या पाच-सहा चौकड्या, 30 ग्रॅम धरा. चॉकलेटच्या 100 ग्रॅमला 530 ते 600 पडतात, तेव्हा 160 ते 180. रोज 150 ते 200 एवढं राखून ठेवा आणि बाकीचा दिवस त्याच्याभोवती बसवा. 1850 मधून 180 काढले तरी 1670 उरतात, त्यात तीन चांगली जेवणं बसतात. 1400 मधून हे जमलंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 च्या मार्गदर्शनात वरून घातलेल्या साखरेला शून्य सांगितलेलं नाही. एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत, जमलं तर 5 टक्क्यांच्या आत, एवढंच म्हटलंय. 2000 कॅलरी खाणाऱ्याला 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम. यात मध आणि फळांचा रसही धरलाय, बरं का. ‘मी साखर नाही, मध घेतो’ म्हणणाऱ्यांची पत्रं मला दर आठवड्याला येतात. चमचाभर मध आणि चमचाभर साखर यांत शरीराच्या लेखी फार फरक नाही. उलट मध जड असतो, तेव्हा त्याच चमच्यात तो जास्तच मावतो.

ही राखीव वस्तू खायची कशी, यावर मात्र मी जरा हट्टी आहे. दिवा लावून, बसून, वाटीत किंवा बशीत घेऊन, घरचे जागे असताना. डब्यातून चमच्याने खाल्लेल्या आइस्क्रीमला शेवट नसतो. वाटीला तळ असतो, तो दिसतो आणि चमचा त्याच्यावर वाजतो. मी स्वतः एके काळी केकच्या बाबतीत फार मोठी कारागीर होते. टेबलावर केक उघडा असायचा, त्याची कापलेली कड वाकडी दिसायची. मग ती सरळ करण्यापुरती एक पातळ चकती. ती खाल्ली की दुसरं टोक जरा उंच वाटायचं, मग तिकडून एक. ‘तुकडा’ असा मी कधी घेतलाच नाही, त्यामुळे लिहायलाही काही नव्हतं. अख्खं एक वर्ष मी केक खात नव्हते, फक्त केक सरळ करत होते. वजनकाट्याला हा फरक कळला नाही.

वेळ रात्रीच्या जेवणानंतर लगेचची ठेवा. पोट भरलेलं असतं आणि थोडक्यात समाधान होतं. त्यात एक बारकावा आहे. एकाच चवीचा पदार्थ खात गेलं की काही घासांनंतर त्या चवीतली मजा कमी होते, पण चव बदलली की जीभ पुन्हा ताजी होते. भरल्या पोटी गोडाला जागा होते ती यामुळेच, आणि तुमचं बिस्किटांवरून आइस्क्रीमवर जाणंही त्यातलंच. बिस्किटं कंटाळवाणी झाली, पण आइस्क्रीम अजून नवीन होतं. तेव्हा एका रात्री एकच प्रकार. घरात गोडाचे सहा प्रकार भरून ठेवू नका, मुलांसाठीसुद्धा नाही. मुलांनाही सहांची गरज नसते, आपल्यालाच त्यांच्या नावाने आणायचे असतात.

एवढं करूनही तलफ येईल. पहिल्या दोन आठवड्यांत तर नक्कीच, कारण अकराच्या ठोक्याला फ्रीज उघडायची सवय पायांना लागलेली आहे. तलफ आली की आधी बघा, पोटात भूक आहे का. मी साधी कसोटी लावते: आत्ता समोर साधं जेवण ठेवलं तर खाईन का? खाईन म्हटलं तर ती भूक. मग खरंच खा, दही घ्या, एखादं फळ घ्या, आणि उद्यापासून रात्रीचं जेवण वाढवा. जेवण नको, तेच बिस्किट हवं, असं उत्तर आलं तर ती तलफ.

तलफ म्हणजे बऱ्याच अंशी चित्र असतं. तुम्हाला बिस्किटाचे दोन भाग वेगळे होताना दिसतात, क्रीमवर उमटलेले दातांचे ठसे दिसतात, वास येतो. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी याच चित्रावर काम केलंय. लोकांना तीनच मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, तो ठोकळे बसवायचा जुना खेळ, तर त्यांची तलफ सौम्य झाली. डोळ्यांपुढे ठोकळे फिरत असले की बिस्किटाचं चित्र रंगवायला मनाकडे जागा उरत नाही. ‘बिस्किटाचा विचार करायचा नाही’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, कारण बजावताना आपण त्या बिस्किटाचंच नाव घेत असतो. खेळ आवडत नसेल तर डोळ्यांना आणि हातांना गुंतवणारं दुसरं काहीही चालेल. टीव्ही मात्र नाही, त्यात हात मोकळे राहतात.

दुसरा उपाय चालण्याचा. पंधरा मिनिटं भरभर चालल्यावर चॉकलेटची ओढ कमी होते, हे एक्सेटर विद्यापीठात तपासून पाहिलेलं आहे. रात्री अकराला बाहेर पडायला मी सांगत नाही, पण जेवणानंतर नऊच्या सुमाराला एक फेरी मारलीत तर अकराची वेळ सोपी जाईल.

खरं तर अकराला तुम्ही जागे का, हा माझा प्रश्न आहे. घरचे झोपल्यावर मिळणारी ती एकटी अर्धी घटका तुम्हाला हवीशी वाटते का? वाटत असेल तर त्यात काही वाईट नाही, दिवसभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या माणसाला ती लागते. पण मग तिच्यात बिस्किटाखेरीज काहीतरी ठेवा, नाहीतर ती वेळ आणि ते बिस्किट यांचं कायमचं लग्न लागतं. आणि झोप कमी पडत असेल तर ते वेगळं दुखणं. 2004 च्या एका छोट्या अभ्यासात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक 28 टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. कोबीची कुणाला लागली नाही.

शुगर-फ्री गोळ्या आणि पेयांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. अधूनमधून घेतलीत तर मी ओरडणार नाही. पण वजन ताब्यात ठेवण्याचं साधन म्हणून त्यांच्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय. मला स्वतःला त्यांची अडचण दुसरीच वाटते. त्यांनी जीभ तेवढ्याच गोडाला सरावलेली राहते, आणि मग साधं केळं फिकं लागायला लागतं.

आता नोंदीबद्दल. चुकून पुन्हा एखाद्या रात्री अर्धा पुडा गेला, तर सकाळी तो अ‍ॅपमध्ये टाका. अंदाजे टाकलात तरी चालेल, ‘बिस्किटं 10, 550’. आकडा लाल होईल, होऊ दे. अ‍ॅप म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, ते घराच्या विजेच्या मीटरसारखं आहे. आणि रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याची बेरीज बघा. 1850 च्या हिशेबाने आठवड्याला 12,950 होतात. त्यात एखाद्या दिवशी 300 वर गेले तर आकाश कोसळत नाही, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी नाश्त्याचा बळी द्यावा लागत नाही. लिहून ठेवलेल्या सहा-सात रात्री एकाखाली एक दिसल्या की तुम्हालाच कळेल: कोणत्या दिवशी दुपारचं जेवण हुकलं होतं, कोणत्या दिवशी कामावर कुणाशी वाजलं होतं. न लिहिलेल्या रात्री काहीच शिकवत नाहीत.

थोडं गंभीर बोलते. तुम्ही लपून, उभ्याने, थांबता येत नाही असं खाताय आणि नंतर उपाशी राहून ते फेडताय. आठवड्यातून तीनदा. बऱ्याच जणांच्या बाबतीत पोटभर खायला लागलं आणि बंदी उठली की हे महिना-दीड महिन्यात ओसरतं, आणि मला वाटतं तुमचंही ओसरेल. नाही ओसरलं, किंवा खाल्लेलं उलटीने काढावंसं वाटलं, किंवा दिवसभर डोक्यात हाच विषय घोळायला लागला, तर कॅलरी मोजणं ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञाला हेच पत्र दाखवा. हा आजार असतो, पुरुषांनाही होतो, आणि त्यावर उपचार आहेत. लाजेपोटी पुरुष फार उशिरा जातात.

आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारे वाचक हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी: अचानक गोड हवंसं वाटून हात थरथरत असतील, घाम फुटला असेल, तर ती तलफ नव्हे. साखर उतरलेली असू शकते. टेट्रिस खेळत बसू नका. शक्य असेल तर साखर तपासा, नसेल तर वाट न बघता 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि डॉक्टरांना कळवा.

उंदीरराव, तुमच्यासाठी उद्याचं काम एवढंच. सकाळी गोडाची नोंद, मग नाश्ता, रात्री जेवणानंतर सगळ्यांसोबत टेबलाशी बसून वाटीभर आइस्क्रीम. महिन्याने पुन्हा लिहा, वजनासकट.

आणि तो रिकामा पुडा तळाशी खुपसायची तसदी घेऊ नका. मुलांना केव्हाच माहीत झालेलं आहे. फ्रीजमधल्या आइस्क्रीमच्या डब्याची पातळी त्यांच्याइतकी बारकाईने घरात दुसरं कुणी बघत नाही.

– तुमची ताई